कामावरची इजा, तिची भरपाई आणि बेकारी लाभ: सोलापूरच्या ईएसआय कामगारांसाठी अर्जाची माहिती

हातात ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) इजेचे पैसे येत आहेत आणि तेवढ्यात कारखान्याला कुलूप लागले. आता बेकारीचे पैसे मागितले तर इजेचे पैसे त्यातून वळते करतात का? अक्कलकोट रोड किंवा चिंचोली एमआयडीसीतल्या कामगाराला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण 'इजेचे पैसे' दोन वेगळ्या प्रकारचे असतात आणि दोन्हींचा नियम उलटा आहे.

पहिला प्रकार तात्पुरत्या अपंगत्वाचा, म्हणजे टीडीबी. डॉक्टर 'फिट' लिहून देईपर्यंत सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के मिळतात. किती महिने वर्गणी भरली याची अट इथे नाही. कामाला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. मात्र अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आले नसले पाहिजे. दुसरा प्रकार कायम अपंगत्वाचा, पीडीबी. कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते मेडिकल बोर्ड ठरवते आणि त्या प्रमाणात रक्कम दरमहा मिळते. मागात किंवा कापडाच्या मशीनमध्ये अंगठा पूर्ण गेला तर कायद्याच्या तक्त्यात ३० टक्के धरले आहेत. रोज ५०० रुपये असेल तर ९० टक्क्यांचा दर ४५० आणि त्याचे ३० टक्के १३५ रुपये रोज, म्हणजे महिन्याला साधारण ४,०५० रुपये.

बेकारीसाठी सर्वात जास्त वापरली जाते ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. तिच्या अटीत स्पष्ट लिहिले आहे: एकाच कालावधीसाठी ईएसआयची दुसरी रोख भरपाई आणि ही मदत दोन्ही मिळणार नाहीत, मात्र पीडीबीची नियमित रक्कम चालूच राहील. म्हणजे अंगठ्याचे ४,०५० घेणाऱ्याने बेकारीचा अर्ज बिनधास्त करावा, एक रुपया कापला जात नाही. टीडीबी चालू असणाऱ्याला मात्र तारखा मोजाव्या लागतात.

समजा अपघात १० जानेवारीला झाला, टीडीबी ३१ मार्चपर्यंत आहे आणि कारखाना १ मार्चला बंद झाला. मार्च महिना टीडीबीतच काढावा, कारण टीडीबीचे ९० टक्के सोडून बेकारी मदतीच्या ५० टक्क्यांमागे जाण्यात अर्थ नाही. बेकारीची मदत १ एप्रिलपासूनची मागायची. ही मदत आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांची आहे, त्यामुळे दाव्यात 'पासून' ही तारीख चुकीची टाकली तर तेच दिवस नाकारले जातात आणि फाइल परत फिरते. फिट सर्टिफिकेटची तारीख आणि दाव्याची तारीख एकमेकींवर चढता कामा नये. फाइल अडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

आता जे कुणी सांगत नाही ते. कपात दिसत नसली तरी इजेचा फटका हिशेबात बसतो. ही मदत सरासरी रोजच्या मिळकतीच्या निम्मी असते (आधी २५ टक्के होती, २०२० मध्ये ५० टक्के झाली), आणि सरासरी काढताना मागच्या चार (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी कालावधींची एकूण मजुरी ७३० ने भागतात. ७३० हा आकडा बदलत नाही. टीडीबी ही मजुरी नाही, म्हणून ते महिने वरच्या बेरजेत शून्य धरले जातात. महिना १५,००० रुपये असलेल्याने २४ महिने भरले तर ३,६०,००० भागिले ७३०, म्हणजे रोज ४९३. त्याचे निम्मे २४६ रुपये ५८ पैसे आणि ९० दिवसांचे सुमारे २२,१९२ रुपये. त्याच माणसाचे पाच महिने टीडीबीत गेले असतील तर एकूण २,८५,००० राहतात, आणि ९० दिवसांचे होतात सुमारे १७,५६८ रुपये.

वर्गणीच्या दिवसांची अटही अशीच. बेकार होण्याआधी दोन वर्षे विमापात्र नोकरी हवी, लगतच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात आणखी ७८ दिवस. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मेच्या सुरुवातीला हात गेला, सप्टेंबरअखेर फिट झाला आणि ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद पडला, तर लगतच्या कालावधीत फक्त एप्रिलचे दिवस उरतात आणि अट हुकते. म्हणून अर्जाआधी आपल्या विमा क्रमांकाने ईएसआयच्या पोर्टलवर जाऊन वर्गणीचा इतिहास काढून पाहा. भरपगारी रजेचे दिवस कारखान्याने भरले असतील तर ते तिथे दिसतात.

दुसरी गोष्ट कारखान्याच्या कारकुनाच्या हातात असते. दरमहा वर्गणी भरताना शून्य मजुरीच्या कामगारापुढे तो कारण निवडतो: ऑन लीव्ह (रजेवर), लेफ्ट सर्व्हिस (नोकरी सोडली), रिट्रेंचमेंट (कामगारकपात) वगैरे. टीडीबी चालू असताना 'लेफ्ट सर्व्हिस' पडले तर पोर्टलवर तुम्ही स्वतः नोकरी सोडली असे दिसते, आणि बेकारीची तारीखही चुकते. स्वेच्छानिवृत्ती, गैरवर्तणुकीची शिक्षा किंवा निवृत्तीचे वय या कारणांनी नोकरी गेल्यास अटल योजनेची मदत नाही. अपघातानंतर मालक एकरकमी काहीतरी हातावर ठेवतो आणि कागदावर सही मागतो. त्या कागदावर 'राजीनामा' हा शब्द असेल तर सही करू नका. कामावरून कमी केल्याचे पत्र मागा, त्यात तारीख आणि कारण दोन्ही असू द्या.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना (१ एप्रिल २००५ पासून) यापेक्षा मोठी आहे: २४ महिने, पहिले बारा महिने मजुरीच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. कारखाना बंद पडणे, कामगारकपात किंवा किमान ४० टक्के कायम अपंगत्व, ही तिची कारणे. पण इथे मेख आहे. अपंगत्व कामाशी संबंध नसलेल्या इजेचे हवे. माग चालवताना हात गेला तर या दाराने जाता येत नाही, तुमचे दार पीडीबीचे. घर ते कारखाना जाता-येतानाचा अपघातही, वेळ, ठिकाण आणि काम यांचा संबंध जुळला तर, कामावरची इजा मानला जातो. चिंचोलीला मोटारसायकलने जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अपघात 'घरचा' म्हणून लिहून घ्यायला सांगणाऱ्यांचे ऐकू नये, नंतर पीडीबी हातची जाते.

अर्जाची वाट तशी सोपी आहे. अपघात झाल्यावर तो कारखान्याच्या अपघात नोंदवहीत (फॉर्म ११) चढला का ते बघा, आणि मालकाने फॉर्म १२ चा अहवाल पाठवला का ते विचारा. यात उशीर झाला की पुढचे सगळे रखडते, कारण इजा कामावरची होती हे ठरल्याशिवाय टीडीबी सुरू होत नाही. बोटे वाकत नसतील, पकड गेली असेल तर टीडीबी संपताच मेडिकल बोर्डासाठी अर्ज करा, टाळाटाळ नको.

बेकारीसाठी पोर्टलवर लॉगिन करून दावा भरायचा, त्याची प्रत काढायची आणि आधारची झेरॉक्स, बँक पासबुकाचे पहिले पान किंवा रद्द केलेला चेक जोडून शाखा कार्यालयात द्यायची. मालकामार्फत पाठवण्याची गरज आता उरलेली नाही. पूर्वीचे मुद्रांकावरचे प्रतिज्ञापत्रही २०२० मध्ये काढून टाकले. बेकारीला ३० दिवस झाल्यावर मदत देय होते. आधार आणि बँक खाते विमा क्रमांकाला जोडलेले हवे. पासबुकावर 'व्यंकटेश' आणि आधारावर 'वेंकटेश' असा फरक असला तरी काम थांबते, तो आधीच दुरुस्त करून घ्या. टीडीबी घेतला असेल तर फिट सर्टिफिकेटची प्रत सोबत ठेवा. योजना मुदतीची आहे आणि महामंडळ ती वेळोवेळी वाढवते, तेव्हा चालू मुदत शाखेत विचारूनच अर्ज करा.

एक गोंधळ सध्या होऊ शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली असून ईएसआयचा १९४८ चा कायदा तिच्यात गेला आहे. छापील फॉर्मांवर आणि जुन्या परिपत्रकांत मात्र जुनीच कलमे आढळतील.

दहापेक्षा कमी कामगारांच्या यंत्रमाग शेडमध्ये ईएसआय नसेल तर इजेची भरपाई थेट मालकाकडून मागायची. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. या दोन्ही बेकारी योजना फक्त विमाधारकांसाठी असल्याने तिथे ताळमेळाचा प्रश्नच नाही.

ईएसआय असलेला आणि कायम अपंगत्वामुळे नोकरी गेलेला कामगार महिना १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत ईएसआयच्या दवाखान्यातले उपचार चालू ठेवू शकतो. पीडीबीचा आदेश हाती आला की त्याच फेरीत शाखेत हा अर्जही देऊन टाका.