केशरोपण

केशरोपण म्हणजे डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या भागातील केस मुळासकट काढून टक्कल पडलेल्या किंवा विरळ झालेल्या जागी लावण्याची शस्त्रक्रिया. रोजच्या बोलण्यात तिला हेअर ट्रान्सप्लांटच म्हणतात. तिच्यात एकही नवा केस तयार होत नाही. डोक्यावर जे आहे त्याचीच जागा बदलते आणि मागची शिल्लक तेवढी कमी होते. शस्त्रक्रियेचा निर्णय, तिचा आराखडा आणि नंतरचे वर्ष, सगळे या एका हिशेबावर चालते.

टक्कल कसे पडते

माणसाच्या डोक्यावर सुमारे १,००,००० केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, २-३ आठवडे वाढ थांबवण्याच्या अवस्थेत असतो, मग सुमारे ३ महिने नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. सगळे केस एकाच वेळी एका अवस्थेत नसल्यामुळे रोज ५० ते १०० केस गेले तरी डोके भरलेले दिसते. कंगव्यातला गुंता पाहून धसका घेण्याआधी हे माहीत असलेले बरे.

पुरुषांच्या नेहमीच्या टकलात केस एकाएकी नाहीसे होत नाहीत. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून ५-अल्फा रिडक्टेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, तयार होते. आनुवंशिकतेमुळे ज्या केशमुळांना ते सोसत नाही, त्यांचा वाढीचा काळ दर फेरीला आखडत जातो. केस बारीक होतो, तोकडा होतो आणि शेवटी नुसती लव उरते. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की, वयात येण्याआधी ज्यांचे वृषण निकामी झाले त्यांना असे टक्कल पडत नाही. मात्र त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. टकलाच्या पायऱ्याही त्यांनीच १९५१ मध्ये मांडल्या. अमेरिकी डॉक्टर नॉरवूड यांनी १९७५ मध्ये त्यात सुधारणा केली. १ ते ७ अशी ही नॉरवूड श्रेणी आजही वापरात आहे. स्त्रियांमध्ये बहुधा पुढची केशरेषा टिकते आणि भांग रुंदावत जातो. त्यासाठी १९७७ ची लुडविग श्रेणी आहे.

मागचा केस पुढे कसा टिकतो

केशरोपणाचा पाया एका निरीक्षणात आहे. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये टकलावर पहिले रोपण केले आणि १९५९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागून आणलेला केस टकलाच्या जागेत लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, म्हणजे डीएचटीला दाद देत नाही, असे त्यांना आढळले. केसाचे भवितव्य तो कुठे लावला यावर नसून कुठून आणला यावर ठरते. त्याआधी १९३९ मध्येच जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी भाजल्याच्या व्रणांवर केसांसह त्वचेच्या चकत्या लावल्या होत्या. मात्र महायुद्धाच्या काळात ते काम जपानबाहेर पोहोचलेच नाही.

सुरुवातीला सुमारे ४ मि.मी. व्यासाच्या चकत्या लावत. एकेका चकतीत डझनभर किंवा त्याहून अधिक केस असल्यामुळे डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे, आणि अनेकांनी ते आयुष्यभर टोपीखाली झाकले. खरे तर केस त्वचेत सुटे उगवत नाहीत; १ ते ४ केसांचा एक नैसर्गिक झुबका असतो. हे झुबके सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करून जसेच्या तसे लावण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळत गेली आणि रोपण ओळखू येईनासे झाले.

दोन पद्धती

एफयूटी पद्धतीत मागच्या त्वचेची लांबट पट्टी काढून टाके घालतात आणि पट्टीतले झुबके वेगळे करतात. मागे एक रेघ कायमची राहते. केस लांब ठेवले तर ती झाकली जाते. एफयूई पद्धतीत १ मि.मी. पेक्षाही लहान तोंडाच्या पोकळ पंचने एकेक झुबका सुटा काढतात. रेघ राहत नाही, पण ठिपक्यांएवढे असंख्य बारीक व्रण राहतात. ‘व्रणच राहत नाही’ हा दावा खोटा आहे. एफयूईत एकाच भागातून फार झुबके उपसले, तर मागचे डोके कसर लागल्यासारखे दिसते आणि ते नीट करायला हाताशी केस उरलेले नसतात. डीएचआय नावाने जे विकले जाते त्यात पेनासारख्या साधनाने झुबका थेट रोवतात. तो रोवण्याचा एक प्रकार आहे, काढण्याची तिसरी पद्धत नव्हे.

काम स्थानिक भूल देऊन होते आणि बहुधा पूर्ण दिवस चालते. काढलेले ग्राफ्ट, म्हणजे लावायचे झुबके, थंड द्रावणात ओले ठेवावे लागतात. ते सुकले की मरतात. खरे कसब छिद्रांच्या दिशेत दिसते. कपाळाजवळ केस त्वचेलगत पुढे झुकलेला असतो, कानशिलावर तो खाली वळतो, भोवऱ्यात चक्राकार फिरतो. अगदी पुढच्या ओळीत एकेकटे केस आणि किंचित वेडीवाकडी रेषा हवी. पट्टीने आखल्यासारखी सरळ केशरेषा जन्मतः कुणालाच नसते.

पहिले दहा दिवस

पहिल्या काही रात्री उशी उंच करून उताणे झोपावे लागते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कपाळावर सूज येते आणि ती कधी डोळ्यांपर्यंत उतरते. आरशात पाहून भीती वाटते, पण ती आपोआप ओसरते. प्रत्येक ग्राफ्टभोवती बारीक खपली धरते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून सौम्य शाम्पूचा फेस नुसता टेकवून, वरून हलके पाणी सोडून डोके धुवायचे असते. नळाची किंवा शॉवरची जोरदार धार नको. खाज सुटते. नखाने ओरबाडले की ग्राफ्ट निघून येऊ शकतो, म्हणून हा आठवडा हात आवरण्याचा. साधारण ९-१० दिवसांत ग्राफ्ट पक्के होतात आणि खपल्याही गळतात. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो, त्यामुळे आधी आणि नंतर काही आठवडे ते पूर्ण बंद हवे. जड व्यायाम, पोहणे आणि कडक ऊन डॉक्टर सांगतील तोवर टाळायचे. वाढत जाणारी वेदना, पू, ताप किंवा त्वचा काळी पडणे ही बरे होण्याची लक्षणे नव्हेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

गळती आणि वाट पाहण्याचे महिने

लोक सर्वांत जास्त खचतात ते इथे. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळून जातात. खपलीबरोबर केस हातात येतो, त्याच्या टोकाला पांढरट गाठ दिसते आणि मूळच उपटले असे वाटते. तसे नसते. जागेवरून हलवल्याच्या धक्क्याने केशमूळ विश्रांतीत जाते आणि केसाची काडी सोडून देते. जिवंत मूळ त्वचेखालीच राहते. आजूबाजूचे जुने केसही काही वेळा याच धक्क्याने गळतात. त्यातले धडधाकट केस परत येतात. जे आधीच लव होण्याच्या बेतात होते ते कदाचित येत नाहीत.

दुसरा-तिसरा महिना म्हणून सर्वांत कठीण. डोके शस्त्रक्रियेआधी होते तसे, कधी त्याहूनही विरळ दिसते. पैसा गेला, सुट्टी गेली आणि दाखवायला काहीच नाही. कुणाला सांगावे तर ज्याने आधीच नाक मुरडले होते तोच समोर असतो. या काळातली निराशा खरी असते आणि तिला बालिश ठरवू नये. शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांनी हा टप्पा तारखांसकट समजावून सांगितला, तर निम्मा त्रास वाचतो. रोज आरशासमोर मोजमाप करण्यापेक्षा महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढलेला बरा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब फुटतात. ते बारीक, कधी कुरळे असतात. त्वचेतून वर येताना पुटकुळ्याही उठतात. केस महिन्याला सुमारे १ सें.मी. वाढतो, म्हणून सहाव्या महिन्यात फरक इतरांनाही दिसू लागतो. बारा महिन्यांआधी निकाल देऊ नये, आणि भोवऱ्याला दीड वर्षही लागते. मागचा बधिरपणा बहुधा काही महिन्यांत जातो.

गळती थांबत नाही

लावलेले केस टिकले तरी त्यांच्या शेजारचे मूळचे केस आपल्या गतीने जातच राहतात. पंचविशीत पुढची रेषा भरून घेतली आणि पुढचा विचार केला नाही, तर काही वर्षांनी कपाळावर दाट पट्टा आणि मागे मोकळे मैदान असे चित्र उरते. म्हणून फार लहान वयात रोपणाची घाई नको. उरलेले केस राखायला दोन औषधे वापरतात. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. अंगावर केस वाढतात हा त्याचा दुष्परिणाम लक्षात आल्यावर ते डोक्यावर लावायला १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यानेही थोडी गळती होते. फिनास्टेराइडची १ मि.ग्रॅ. ची गोळी पुरुषांसाठी १९९७ मध्ये मान्य झाली. ती रक्तातील डीएचटी बरेच खाली आणते. काहींना तिने कामेच्छा कमी होणे, मनःस्थिती बिघडणे असे त्रास होतात, म्हणून ती डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलूनच सुरू करावी. गर्भवती स्त्रीने तिला हातही लावू नये, कारण मुलग्याच्या गर्भाला धोका असतो. ही दोन्ही औषधे बंद केली की मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो.

हिशेब आणि मर्यादा

कपाळापासून भोवऱ्यापर्यंतची पूर्ण टकलाची जागा सुमारे २०० चौ. सें.मी. भरते. दर चौ. सें.मी. ला ४० झुबके लावायचे म्हटले तर ८,००० लागतात, आणि इतके मागून सुरक्षितपणे मिळणे बहुतेकांच्या बाबतीत शक्य नसते. सुदैवाने केस निम्म्याने घटले तरी डोळ्याला विरळपणा फारसा जाणवत नाही. म्हणून कुशल शल्यचिकित्सक समोर दाट लावतो आणि भोवऱ्यात हात राखून काम करतो.

प्रत्येक गळतीवर रोपण हा उपाय नाही. मोठा ताप किंवा बाळंतपणानंतर २-३ महिन्यांनी होणारी गळती आपोआप भरून येते. थायरॉइड किंवा लोहाची कमतरता असेल तर आधी तिचा उपचार करायचा. चाई पडत असताना, म्हणजे चकत्यांनी केस जात असताना, रोपण करत नाहीत. त्वचेवर व्रण धरत केशमुळे नष्ट करणारा आजार चालू असेल तर लावलेले केसही जातात. ज्या स्त्रियांचे मागचे केसही विरळ होत असतात त्यांच्याकडे लावण्याजोगा भरवशाचा केसच नसतो. भाजल्याच्या व्रणावर किंवा झडलेल्या भुवयांवर मात्र थोडे ग्राफ्टही चेहरा बदलून टाकतात. भुवईत लावलेला केस डोक्यावरच्यासारखाच वाढत राहतो. तो नियमितपणे कापावा लागतो.