स्टार्ट न घेणे (इंजिन बदललेल्या वाहनातील)

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते, पण स्वतःच्या बळावर चालू होत नाही, या दोषाला मराठवाड्यातील गॅरेजांत ‘गाडी स्टार्ट घेत नाही’ असे म्हणतात. मूळ इंजिन उतरवून दुसऱ्या जातीचे बसवलेल्या वाहनात हा दोष आला, तर तपासणीचा नेहमीचा क्रम उपयोगी पडत नाही. या नोंदीत तेवढ्याच भागाचा विचार केला आहे.

संज्ञा : ‘गाडी चालू होईना’ या एका तक्रारीत वेगवेगळे दोष मिसळलेले असतात. सेल्फ फिरतच नसेल, तर तो ‘सेल्फ लागत नाही’ हा प्रकार; त्याचे कारण बॅटरी, सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा चुंबकी स्विच) किंवा सेल्फचे कार्बन (त्याच्या मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) यांत असते. चालू होऊन चढावर दम टाकणारी गाडी ‘उचलत नाही’. प्रस्तुत दोष या दोहोंहून निराळा असल्याने ग्राहकाला पहिला प्रश्न ‘सेल्फ फिरतो का?’ हाच विचारावा. ‘सेल्फ’ हे सेल्फ-स्टार्टरचे लघुरूप असून हँडल मारण्याच्या पद्धतीपासूनचा फरक त्यात दिसतो. विजेवर चालणारा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारींपासून नियमित वापरात आला.

प्रथेचा उगम : पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा या भागात केव्हा रुजली, याची मांडणी दोन प्रकारे करता येते. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हापासून ती सुरू झाली असावी, ही पहिली. दुसरी मांडणी तिला 1980 च्या दशकात ठेवते. महिंद्र कंपनीने 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनासाठी करार केला. पुढे बजाज टेम्पोच्या मॅटॅडोरमध्ये मर्सिडीज-बेंझ घराण्यातील ओएम 616 हे इंजिन आले. जीपच्या चासीत मावणारी चार सिलिंडरांची इंजिने भंगार बाजारात मिळू लागल्याशिवाय अशी अदलाबदल व्यवहारात येणे कठीण होते, म्हणून दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. मात्र या कामाला लागणारे हात त्याआधीच तयार होते. विहिरींवरील ऑइल इंजिने दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), त्याला दाबाने डिझेल पुरवणारा पंप आणि ‘हवा काढणे’ (पाइपांत शिरलेली हवा बाहेर सोडणे) नवीन नव्हते. निदानाचा रूढ क्रमही बहुधा तिथूनच आला : गाडी स्टार्ट घेईना की आधी नोझल खोला.

निदान : हा क्रम इंजिन बदललेल्या गाडीला लावणे चुकीचे आहे. आणलेले इंजिन आधीच्या गाडीत चालत होते, चासीही तिच्या जुन्या इंजिनासह चालत होती. नवीन आहे तो दोघांमधला जोड. वायरिंग, अर्थिंग आणि डिझेलचे पाइप या जोडातच दोष असण्याचा संभव अधिक. चालता पंप खोलून टायमिंग (डिझेल फवारण्याची नेमकी वेळ) हलवले, तर एका दोषाचे दोन होतात आणि गाडीमालकाचा हकनाक खर्च वाढतो.

सर्वांत फसवा दोष इग्निशन स्विचवर असतो. जुन्या गाड्यांत काही तारांना चावी ‘ऑन’वर असताना करंट मिळतो, पण ती ‘स्टार्ट’वर नेताच तुटतो, पंखा, रेडिओ यांचा भार सेल्फच्या वेळी बॅटरीवर नको म्हणून ही सोय केलेली असते. नव्या इंजिनाच्या स्टॉप सोलेनॉइडला (करंट असेपर्यंतच डिझेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेला) अशा तारेवरून करंट दिला, तर ‘ऑन’वर सगळे ठीक दिसते. सोलेनॉइड ‘टक्’ वाजतो, दिवे लागतात. सेल्फ मारताक्षणी मात्र डिझेल बंद होते. चावी सोडताना एखादा ठोका पडतो, ही याची खूण. बारा व्होल्टच्या बल्बची एक तार सोलेनॉइडच्या टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला धरावी व दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. बल्ब मंद झाला तर चालेल, विझता कामा नये. ईसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) असलेल्या इंजिनालाही, ईसीएमला करंट देणाऱ्या तारेवर, हीच कसोटी लागू पडते.

अर्थिंग : इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे चासीशी त्याचा विजेचा संबंध वेगळ्या पट्टीने जोडावा लागतो. इंजिन उतरवताना सोडलेली ही पट्टी नव्या इंजिनाला लावायची राहून जाते. सेल्फ फिरताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि ब्लॉक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर दोष तिथे आहे. बॅटरीचा दाब सुमारे 9.6 व्होल्टच्या खाली जाऊ नये. पेट्रोल इंजिनासाठी घेतलेली लहान बॅटरी आणि बारीक केबल डिझेल इंजिनाला जोराने फिरवू शकत नाही, आणि पुरेसा वेग नसेल तर दाबलेली हवा डिझेल पेटण्याइतकी तापत नाही.

इंधन : टाकीकडून येणारा पाइप आणि रिटर्नचा पाइप उलटे जोडले जाणे, ही नेहमीची चूक. ‘हवा धरली’ असा संशय असल्यास फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा घालून हातपंप मारावा. फेस येतच राहिला, तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचा एखादा सांधा हवा ओढत आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन बसवल्यास जुना पंप पुरत नाही. कार्ब्युरेटरला साधारण 0.3 बार दाब चालतो, एमपीएफआयला सुमारे 3 बार लागतो.

कॉमन रेल इंजिने (एका सामाईक नळीत उच्च दाबाने डिझेल ठेवून ईसीएमच्या हुकमाने फवारणारी) : फ्लायव्हील बदलले की त्यावरील दात क्रँक सेन्सरशी (इंजिनाचा वेग व स्थिती मोजणाऱ्या सेन्सरशी) जुळेनासे होऊ शकतात. बॉशच्या पद्धतीत 60 पैकी 2 दात गाळलेले असतात. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर वेग शून्य दिसला, तर ईसीएम इंजेक्टर उघडत नाही. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) असल्यास चावी, ती ओळखणारी स्विचभोवतीची रिंग आणि ईसीएम एकाच गाडीचे असावे लागतात.

हवामान : परभणी भागात हिवाळ्यात पहाटेचे तापमान दहा अंशांखाली उतरते. एक्सडीपी व ओएम 616 यांसारख्या इंजिनांना तेव्हा हीटर प्लग (सुरू करण्याआधी ज्वलनकक्ष तापवणारे) लागतात, आणि बदलाच्या घाईत त्यांचीच वायरिंग गाळली जाते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत. उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले.