न विचारता पत्ते शिकणारा स्विच

नेटवर्क स्विच म्हणजे अनेक संगणक केबलने एकमेकांशी जोडणारे उपकरण. तो पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा आपल्या कोणत्या पोर्टला, म्हणजे केबल जोडण्याच्या जागेला, कोणता संगणक जोडलेला आहे, हे त्याला ठाऊक नसते. ही माहिती सहसा कोणी त्याला भरून देत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही. येणाऱ्या फ्रेम, म्हणजे संगणकांनी पाठवलेली माहितीची छोटी पाकिटे, वाचता वाचताच तो ही माहिती गोळा करतो.

इथरनेट या केबलने जोडलेल्या नेटवर्कच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक फ्रेमच्या आरंभी दोन मॅक पत्ते, म्हणजे उपकरणांची ओळख सांगणारे आकडे, असतात: आधी ज्याला ती पोहोचायची आहे त्याचा आणि लगेच पाठवणाऱ्याचा. प्रत्येक पत्ता 48 बिटांचा असतो. पोर्ट 3 वरून एखादी फ्रेम आली की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता पाहतो आणि ‘हा पत्ता पोर्ट 3 च्या बाजूला आहे’ अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. त्यानंतर तो पोहोचण्याचा पत्ता त्याच तक्त्यात शोधतो. नोंद सापडली तर फ्रेम फक्त त्या पोर्टवर जाते. नोंद ज्या पोर्टवरून फ्रेम आली त्याचीच निघाली, तर ती पुढे पाठवलीच जात नाही. नोंद नसेल तर मात्र स्विच आलेला पोर्ट वगळून बाकी सगळ्या पोर्टवर ती सोडतो. हे अडाणीपणाचे वाटेल, पण ज्याच्यासाठी फ्रेम आहे तो बहुधा उत्तर देतो, आणि त्या उत्तरावर पाठवणारा म्हणून त्याचाच पत्ता असल्यामुळे स्विचला तो कुठे आहे हे आपोआप कळते.

नोंदी कायमच्या नसतात. संगणक एका पोर्टवरून काढून दुसऱ्याला जोडला जाऊ शकतो, म्हणून ज्या पत्त्याकडून सामान्यतः 300 सेकंद एकही फ्रेम आली नाही, त्याची नोंद पुसली जाते.

या सोप्या पद्धतीची खरी अडचण स्विच एकमेकांना वर्तुळात जोडले की समोर येते. एक केबल तुटली तरी काम चालावे म्हणून असे जोडणे शहाणपणाचेच असते. परंतु इथरनेट फ्रेममध्ये ‘इतक्या टप्प्यांनंतर मला टाकून द्या’ असे सांगणारा आकडा नसल्यामुळे, सगळीकडे सोडलेली फ्रेम त्या वर्तुळात फिरतच राहते, तिच्या प्रती वाढतात आणि थोड्याच वेळात नेटवर्क ठप्प होते. यावर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधून काढली. तिच्यानुसार स्विच आपसांत लहान संदेश पाठवून एकाला मूळ मानतात, आणि त्याच्यापर्यंत एकच वाट उरेल अशा रीतीने जादा जोडण्यांवरचे पोर्ट बंद ठेवतात.

चालू वाट तुटली की बंद ठेवलेला पोर्ट उघडला जातो. परंतु तक्त्यातल्या नोंदी अजून जुन्याच वाटेच्या असतात आणि त्यांच्या भरवशावर पाठवलेल्या फ्रेम वाया जातात. म्हणून मूळच्या पद्धतीत अशा बदलाची सूचना मिळताच स्विच काही काळ नोंदींचे आयुष्य 300 सेकंदांवरून साधारण 15 सेकंदांवर आणतात, आणि पुन्हा अनोळखी झालेल्या पत्त्यांच्या फ्रेम सगळ्या पोर्टवर सोडत नव्याने शिकू लागतात.