चेनचे दात शाबूत असतात, ढिला पडतो तो रनर

परवा एक रील बघितलं. बिघडलेल्या चेनवर टूथपेस्ट चोळा, एकदम नव्यासारखी होते म्हणे, आणि खाली लोक थँक्यू थँक्यू करतायत. अहो, टूथपेस्टने फार तर मळ निघेल. रनर वर नेला तरी मागून चेन उघडीच राहते, ही जी बॅगांची नेहमीची रड आहे तिचा मळाशी सहसा काही संबंध नसतो.

दात गेले असं आपण म्हणतो, पण नीट बघा, बहुतेक वेळा सगळे जागेवर असतात. मेटलच्या चेनचा एक दात भिंगाखाली धरा, एका अंगाला बारीक उंचवटा आणि दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा दिसेल. ही करामत गिडियन सुंडबॅकची, हा स्वीडनहून अमेरिकेत गेलेला इंजिनिअर, 1917 मध्ये त्याला पेटंट मिळालं. एका दाताचा उंचवटा पुढच्याच्या खळग्यात बसतो, म्हणून ओढून चेन सुटत नाही. पण मग आत शिरतो कसा? कारण दात बसवलेली कापडी पट्टी सरळ असताना शेजारच्या दोन दातांमधली फट इतकी अरुंद असते की समोरचा दात त्यात घुसूच शकत नाही. तिथे रनरचं काम. त्याच्या आत वाय आकाराची वाट असते, तिच्या वळणावर पट्टी वाकते आणि दात वळणाच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे हातातले पत्ते पसरावेत तसे फाकतात, फट रुंद होते, आणि दोन्ही पट्ट्यांवरचे दात एकमेकांपेक्षा अर्ध्या घराने मागेपुढे असल्यामुळे समोरचा दात नेमका त्याच क्षणी त्या फटीत येतो, मग वाट सरळ झाली की फट मिटते आणि दात अडकतो. नायलॉनच्या चेनमध्ये सुटे दात नसतात, दोऱ्याचे वेढेच दात, त्यांची टोकं दाबून रुंद केलेली, तत्त्व तेच.

हे सगळं जमायला रनरच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यांमध्ये दात घट्ट धरले जायला हवेत. वापरून वापरून ते पत्रे जरासे फाकले की दात तिरके होतात आणि न अडकताच बाहेर पडतात.

उपाय पक्कडीचा. आधी रनर चेन उघडायच्या दिशेने अगदी टोकापर्यंत न्या. मग दात मिटून जिथून बाहेर पडतात त्या तोंडाच्या दोन्ही कडा, आधी डावी मग उजवी, हलकेच दाबा आणि चालवून बघा, लागलं तर अजून जरासं. जोर लावू नका, रनर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, तो वाकण्याऐवजी तडकतो.

चेन नुसती जड चालत असेल तर मेटलला पेन्सिलचं शिसं, नायलॉनला मेणबत्ती घासा. खोबरेल तेल नको, कापडावर डाग पडतो आणि धूळ चिकटते.

रनर तडकलाच तर नवा मिळतो, मागे बऱ्याचदा नंबर असतो. 5 नंबर म्हणजे मिटलेल्या चेनच्या दातांची रुंदी साधारण 5 मिलिमीटर. दुकानात जुना रनर घेऊनच जा, कारण नंबर तोच असला तरी नायलॉनचा रनर मेटलच्या चेनला चालत नाही.