दुखापतीची यादी, कॅप आणि प्लेऑफ: वादाची पार्श्वभूमी

२०२५-२६ च्या हंगामापासून एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या प्लेऑफलाही (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांनाही) कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चावरची मर्यादा, लागू झाली. सामन्याला जे वीस जण जर्सी चढवतील, त्यांच्या करारांच्या वार्षिक सरासरी रकमांची बेरीज त्या वर्षीच्या कमाल मर्यादेत बसली पाहिजे, असा नियम. इतका साधा नियम यायला वीस वर्षं लागली. या काळात टोरांटोपासून टँपापर्यंत चाहत्यांच्या भांडणात एक शब्द असा रुतून बसला की त्याचा अर्थ बरेच जण आजही उलटा लावतात. तो शब्द म्हणजे एलटीआयआर, दीर्घकाळ जायबंदी खेळाडूंची यादी. पुढचं बरंचसं लिखाण तिच्याबद्दलच आहे.

जुना इतिहास थोडक्यात. ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायचा प्रकार, १९६३ साली आला. त्याआधी संघ ज्युनिअर क्लबांना पैसे पुरवत आणि तिथली मुलं मिसरूड फुटायच्या आत त्या संघांशी बांधली जात. १९७२ मध्ये दुसरी लीग उभी राहिली. तिच्यातल्या विनिपेगच्या संघाने शिकागोचा गोल करणारा हुकमी खेळाडू दहा लाख डॉलर सहीपोटी देऊन फोडला आणि पगारांना पहिला खरा धक्का बसला. ९ ऑगस्ट १९८८ ला एडमंटनने आपला सर्वांत मोठा खेळाडू लॉस एंजेलिसला दिला. बदल्यात दोन तरुण खेळाडू, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे तीन पिक (खेळाडू निवडायच्या पाळ्या) आणि दीड कोटी डॉलर रोख आले. कॅनडाभर लोक हळहळले. पण तो राग मालकाच्या खिशावर होता. आज ट्रेड, म्हणजे संघांमध्ये खेळाडूंची देवाणघेवाण, झाली की चाहते आधी उरलेली वर्षं आणि कॅपवरची रक्कम बघतात, खेळाडूचं नाव त्यानंतर.

नव्वदच्या दशकात पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यायचे आणि तिकिटं कॅनेडियन डॉलरमध्ये विकायची, या कात्रीत कॅनडातले लहान संघ सापडले. क्वेबेक सिटीचा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला गेला, विनिपेगचा १९९६ मध्ये फिनिक्सला. कॅपची मागणी तिथूनच जोर धरत गेली. श्रीमंत संघ पैसे उधळून जिंकतातच असं नव्हतं. न्यूयॉर्कचा एक संघ साडेसात कोटी डॉलरच्या वर खर्च करून २००३-०४ मध्ये प्लेऑफलाही पोचला नव्हता. तरी मालकांना खर्च ठरावीक रकमेत बांधून हवा होता. खेळाडूंच्या युनियनने डिसेंबर २००४ मध्ये चालू करारांवर २४ टक्के कपात स्वतःहून देऊ केली होती, पण कॅपला नकार होता. फेब्रुवारी २००५ मध्ये, हंगाम वाचवायच्या शेवटच्या दोन दिवसांत, दोन्ही बाजू कॅपवर आल्या. लीग ४ कोटी २५ लाख डॉलर म्हणत होती, युनियन ४ कोटी ९० लाख. ६५ लाखांच्या अंतरावर पूर्ण हंगाम बुडाला. १६ फेब्रुवारीला तो रद्द झाला आणि १९१९ च्या फ्लूच्या साथीनंतर पहिल्यांदाच स्टॅनले कप, म्हणजे लीगचा करंडक, कोणालाच मिळाला नाही. उन्हाळ्यात करार झाला तो ३ कोटी ९० लाखांच्या कमाल आणि २ कोटी १५ लाखांच्या किमान मर्यादेवर (संघाला एवढा खर्च करावाच लागतो), म्हणजे युनियनने फेब्रुवारीत नाकारलेल्या आकड्याच्याही खाली. माझ्या मते खेळाडूंचं त्या वर्षी झालेलं नुकसान नंतरच्या कोणत्याही करारात भरून निघालेलं नाही.

त्या करारातलं दुसरं कलम तेव्हा कमी गाजलं. खेळाडू कुठेही जायला मोकळा होण्याचं वय ३१ वरून टप्प्याटप्प्याने २७ वर आलं. त्यामुळे एकविसाव्या वर्षी चमकणारा मुलगा संघाकडे स्वस्तात फार तर पाच-सहा वर्षं राहणार, हे ठरून गेलं. त्यातही पहिल्या तीन वर्षांच्या एंट्री-लेव्हल करारावर पगाराची वेगळी मर्यादा. प्रॉस्पेक्टची, म्हणजे होतकरू पोरांची, चर्चा एवढी तापते ती यामुळे. एंट्री-लेव्हल करारावरचा मुलगा वीस गोल मारत असेल, तर बाजारात तेवढ्याच गोलांना लागणारे चाळीस-पन्नास लाख दुसरीकडे वापरता येतात.

याची टोरांटोला बसलेली झळ आम्ही इथले लोक विसरणार नाही. २०१९ च्या जूनमध्ये आमच्या संघाला चार फॉरवर्डचे (आक्रमणातल्या खेळाडूंचे) मोठे करार सामावून घ्यायचे होते. पुढच्या हंगामात ते चौघे मिळून जवळपास निम्मी कॅप खाणार होते. म्हणून ३९ वर्षांच्या विंगरचा (कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डचा), एकच वर्ष उरलेला ६२ लाख ५० हजारांचा करार कॅरोलिनाच्या गळ्यात घातला, आणि तो त्यांनी घ्यावा म्हणून वर पहिल्या फेरीचा पिक दिला. कॅरोलिनाने त्या विंगरचा करार लगेच विकत घेऊन संपवला. पिक २०२० मध्ये तेराव्या क्रमांकावर लागला आणि त्यातून त्यांना मिळालेला मुलगा आज त्यांच्या आक्रमणाचा कणा आहे. दोष कॅपचा की मॅनेजरचा, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. मला मॅनेजरचा जास्त वाटतो, कारण २०१७ मध्ये ३७ वर्षांच्या खेळाडूला तिसरं वर्ष द्यायची सक्ती कोणी केली नव्हती.

लांबलचक करारांचं प्रकरण वेगळं आणि आता जवळपास मिटलेलं. कॅपवर करारातली सरासरी धरली जाते, म्हणून शेवटी नाममात्र पगाराची वर्षं जोडली की सरासरी उतरते. न्यू जर्सीने २०१० मध्ये एका विंगरशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार केला आणि त्यातल्या शेवटच्या सहा वर्षांना मिळून फक्त ३५ लाख ठेवले. करार संपेपर्यंत तो ४४ वर्षांचा झाला असता. लीगने करार फेटाळला, लवादाने लीगची बाजू उचलून धरली, संघाला दंड झाला. २०१३ च्या करारात मुदतीला आठ वर्षांची मर्यादा आली आणि जुन्या करारांचा हिशेब मागे जाऊन वसूल करायची तरतूदही. असाच लांबलचक करार असलेला व्हँकुव्हरचा माजी गोलकीपर २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा तो दुसऱ्याच संघात होता, तरी व्हँकुव्हरच्या कॅपवर तीन हंगाम दरवर्षी तीस लाखांहून जास्त बोजा पडला.

आता यादीकडे.

सर्वसाधारण समज असा की जायबंदी खेळाडूला एलटीआयआरवर टाकलं की त्याची रक्कम कॅपमधून वजा होते. तसं होत नाही. रक्कम कॅपवरच राहते. संघाला ठरावीक रकमेपुरती मर्यादा ओलांडायची मुभा मिळते. कागदावर मांडून बघा. मर्यादा ८ कोटी १५ लाख, संघाचा खर्च ८ कोटी ५ लाख, शिल्लक १० लाख. ९५ लाखांचा खेळाडू यादीत गेला. तर मर्यादेच्या वर जाता येईल ते ८५ लाखांनी, ९५ नव्हे, कारण शिल्लक आधी वापरायची असते. शिल्लक शून्य असती तर पूर्ण ९५ लाख मिळाले असते. म्हणून खेळाडूला यादीत टाकायच्या दिवशी मॅनेजर संघ मुद्दाम मर्यादेला टेकवून ठेवतात. खालच्या संघातली दोन-तीन पोरं कागदोपत्री एका दिवसासाठी वर बोलावतात आणि बेरीज हजारापर्यंत जुळवतात. त्या दिवशीची रोस्टर बघून नवा चाहता चक्रावतो: हे कोण, आणि उद्या हे गेले कुठे?

दुसरी गोष्ट, कॅप रोज मोजली जाते. आयपीएलची पर्स लिलावाच्या टेबलावर मोजतात, तसं इथे नाही. हंगामाच्या सुरुवातीला १० लाख शिल्लक असलेल्या आणि ते न वापरणाऱ्या संघाला पाव हंगाम उरला असताना ४० लाखांचा खेळाडू घेता येतो, कारण त्याचा पाव भागच मोजला जाणार असतो. मार्चच्या डेडलाइनला, म्हणजे ट्रेड करायच्या शेवटच्या दिवशी, कोणाकडे किती जागा आहे यावर एवढा काथ्याकूट होतो तो यासाठी. यादीचा आधार घेतलेल्या संघाची मात्र अशी बचत साठत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खेळाडूंना पगार साखळी हंगामापुरताच मिळतो. प्लेऑफमध्ये पगार नसतो, वेगळ्या बोनस निधीतला वाटा असतो. पगार थांबला की रोजची मोजणी थांबणार, हे ओघानेच आलं. त्यामुळे २००५ पासून प्लेऑफला कॅपच नव्हती. ही कोणी शोधून काढलेली पळवाट नव्हे, मोजणीच्या पद्धतीतच ती होती. लोक डॉक्टरांच्या अहवालांवर शंका घेत राहिले. खरा प्रश्न मोजणी कोणत्या दिवशी थांबते हा होता.

२०१५ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या स्टार विंगरचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बारा आठवडे लागतील असं सांगितलं गेलं. मोकळ्या झालेल्या जागेत शिकागोने ॲरिझोनाहून एक सेंटर (मधल्या जागेवरचा फॉरवर्ड) आणला, विंगर प्लेऑफच्या पहिल्याच सामन्याला परतला, संघाने कप जिंकला, आणि अंतिम फेरीत दोन निर्णायक गोल त्या नव्या सेंटरचे होते. त्याच आठवड्यात टोरांटोने कोलंबसशी केलेली ट्रेड मला जास्त बोलकी वाटते. आम्ही धडधाकट विंगर दिला आणि पाठीच्या दुखण्यामुळे पुन्हा खेळण्याची आशा नसलेला खेळाडू घेतला. दोन्ही करार वर्षाला ५० लाखांच्या वरचे. कोलंबसकडे त्या खेळाडूचा विमा नव्हता, आमच्याकडे पैसा होता आणि यादीची सोय हवी होती. न खेळणाऱ्या माणसाचा करार ही कामाची वस्तू झाली. पुढच्याच वर्षी ॲरिझोनाने किमान मर्यादा गाठण्यासाठी रशियाला परतलेल्या डेट्रॉइटच्या सेंटरचा ७५ लाखांचा करार घेतला आणि त्या बदल्यात ड्राफ्टमध्ये विसाव्यावरून सोळाव्या क्रमांकावर सरकले.

मग टँपा. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या ९५ लाखांच्या विंगरच्या नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. कोविडमुळे ५६ सामन्यांवर आलेल्या त्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही. १६ मे २०२१ ला फ्लोरिडाविरुद्ध प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात तो उतरला, दोन गोल मारले, एकाला पास दिला, टँपा ५-४ ने जिंकली. पुढे ३२ गुणांसह (गोल आणि पास मिळून) तो प्लेऑफमध्ये अव्वल ठरला आणि कपही आला. कॅरोलिनाचा एक डिफेन्समन हरल्यावर म्हणाला होता की आम्ही कॅपच्या १ कोटी ८० लाख वर असलेल्या संघाकडून हरलो. विजयाच्या जल्लोषात त्या विंगरने तोच आकडा टी-शर्टवर छापून घातला. तो फोटो पाहून मीही चिडलो होतो.

पण आकडा नीट उघडून बघायला हवा. त्या मोसमाआधी टँपाने ऑटावाकडून दोन जायबंदी खेळाडूंचे करार घेतले होते, एक ४८ लाख ७५ हजारांचा, दुसरा २६ लाखांचा. दोघांपैकी कोणीही टँपाची जर्सी घालून एक सामनाही खेळला नाही. हे दोन आणि विंगरचे ९५ लाख मिळून १ कोटी ६९ लाख ७५ हजार होतात. म्हणजे टी-शर्टवरच्या आकड्यात जवळपास ७५ लाख रुग्णशय्येवरच्या माणसांचे होते. बर्फावर उतरलेला संघ मर्यादेच्या वर होता हे खरं, पण १ कोटी ८० लाखांनी नाही. लीगने प्रकरण तपासलं आणि नियमभंग आढळला नाही. माझंही मत आता तेच आहे. टँपाने नियम मोडला नाही, नियम सगळ्यात चांगला पाठ करून दाखवला.

त्यानंतर उदाहरणं वाढतच गेली. २०२३ मध्ये लास व्हेगासचा कर्णधार, त्याचेही ९५ लाखच, जानेवारीच्या अखेरीस पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी गेला, प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला परतला आणि अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात त्याने हॅटट्रिक केली. पुढच्या वर्षी तो प्लीहेच्या दुखापतीने बाहेर, संघाने डेडलाइनला तीन मोठे खेळाडू आणले, तो प्लेऑफला परत हजर; त्या वेळी मात्र डॅलसने पहिल्याच फेरीत हरवलं. २०२५ मध्ये फ्लोरिडाने हाच मार्ग धरून कप राखला. आता तक्रार करणाऱ्यांत मॅनेजरही होते.

शिवाय महामारीने मर्यादा ८ कोटी १५ लाखांवर तीन हंगाम गोठवून ठेवली होती. पैसा वाढत नसला की कोपऱ्याकोपऱ्यातून जागा शोधली जाते. पगार दोनदा वाटून घेण्याच्या ट्रेड त्याच काळात फोफावल्या. टँपाने एप्रिल २०२१ मध्ये कोलंबसचा ४२ लाख ५० हजारांचा डिफेन्समन असाच मिळवला. निम्मा पगार कोलंबसने ठेवला, उरलेल्याचा निम्मा मधल्या डेट्रॉइटने, आणि टँपाच्या कॅपवर पाव हिस्सा आला.

२०२५ च्या उन्हाळ्यात झालेल्या समझोत्याने यातली बरीच दारं बंद केली. त्याच हंगामात किंवा प्लेऑफमध्ये परतणार असलेल्या जायबंदी खेळाडूच्या बदल्यात आता लीगच्या सरासरी पगाराइतकीच, २०२५-२६ मध्ये साधारण ३८ लाखांची, मुभा मिळते. पूर्ण रक्कम हवी असेल तर तो प्लेऑफलाही खेळणार नाही हे मान्य करावं लागतं. दोनदा वाटल्या जाणाऱ्या पगारांमध्ये साखळी हंगामाचे ७५ दिवस जावे लागतात. आणि प्लेऑफमध्ये वीस जणांची बेरीज.

या शेवटच्या नियमाचा एक परिणाम चर्चेत फारसा येत नाही. प्लेऑफची बेरीज करताना करारांच्या पूर्ण सरासरी रकमा धरल्या जातात. म्हणजे ज्या संघाने कोणालाही यादीत न लपवता, दिवसामागून दिवस पै-पै वाचवून मार्चमध्ये ४० लाखांचा खेळाडू पाव किमतीत घेतला, त्याच्याही नावावर प्लेऑफमध्ये पूर्ण ४० लाख लागतात. टँपा आणि व्हेगाससाठी आणलेला नियम काटकसर करणाऱ्यालाही तितकाच लागतो, आणि तिथे प्रशिक्षकाला कोणाला तरी सूट-टायमध्ये प्रेक्षकांत बसवावं लागू शकतं. मर्यादा २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख झाली, २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाखांचा आकडा जाहीर झालेला आहे आणि त्यानंतर ११ कोटी ३५ लाखांचा. मर्यादा अशी झपाट्याने वाढत असल्याने हा काच फारसा जाणवत नाही.