नऊ चांगली, चार वाईट

फोंड्याला आमच्या घरी रात्रीचं जेवण गुन्हेगारी मालिका बघता बघताच होतं. परवा पडद्यावर अंधारी गल्ली दिसली, मागून अजान ऐकू आली आणि आई भात कालवता कालवता म्हणाली, "आता बाँब सापडणार." सापडला. याच आईचे ब्लाउज गेली तीस वर्षं वरच्या बाजारातले एक मुसलमान शिंपी शिवतात आणि माझ्या मुलीच्या बारशाला ते सहकुटुंब आले होते. आईच्या मनात त्यांच्याबद्दल काडीचा किंतू नाही. तरीही पुढचा प्रसंग तिला आधीच ठाऊक होता.

हे कसं घडतं, याचा एक सुरेख प्रयोग डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात कुणीतरी काहीतरी केलेलं. 'अ' गटातल्या माणसांच्या १८ चांगल्या कृती होत्या आणि ८ वाईट. 'ब' गट लहान, त्याच्या ९ चांगल्या आणि ४ वाईट. प्रमाण दोन्हीकडे तेच, नवास चार. पण नंतर विचारल्यावर लोकांनी 'ब'च्या माथी प्रत्यक्षापेक्षा जास्त वाईट कृती मारल्या. लहान गट क्वचित दिसतो, वाईट कृतीही क्वचित दिसते. दोन्ही एकत्र आली की मेंदू तेवढीच गाठ घट्ट धरून ठेवतो. पुढच्या प्रयोगात त्यांनी चांगल्या कृती दुर्मीळ केल्या, तेव्हा त्याच लहान गटाला जास्तीचं श्रेय मिळालं! म्हणजे यासाठी आधीपासून मनात द्वेष असावा लागत नाही, दुर्मीळपणा पुरतो.

२०११च्या जनगणनेनुसार गोव्यात मुस्लिम ८.३३ टक्के आहेत. आमचा 'ब' गट.

मालिका तर नवास चारचं प्रमाणही पाळत नाही. त्यांच्यात मुसलमान दिसतो तोच बहुधा कटाच्या भागात. बातम्याही हात देतात: अमेरिकेत २००६ ते २०१५ या काळात झालेल्या दहशतवादी हल्ल्यांच्या एका अभ्यासात, हल्लेखोर मुस्लिम असेल तर वार्तांकन सरासरी ३५७ टक्के जास्त झाल्याचं आढळलं. उलट २०१४ साली दहशतवादाने सर्वाधिक बळी घेतले ते इराकमध्ये. मेलेल्यांत बहुतेक मुसलमानच होते. युद्धाने उद्ध्वस्त झालेलं त्यांचं घर मालिकेत येतं ते नायकाच्या मागचा पडदा म्हणून.

जॉर्ज गर्बनर यांनी १९६०च्या दशकाअखेरीपासून टीव्हीचा अभ्यास केला. खूप टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्याहून धोकादायक वाटतं, असं त्यांना दिसलं. हा परिणाम मोठा नसतो, थेंबाथेंबाने साचतो. म्हणूनच मला तो गंभीर वाटतो.

यावर मालिका लिहिणाऱ्यांचा ठरलेला उपाय म्हणजे एक देशभक्त मुस्लिम इन्स्पेक्टर. एव्हलिन अलसुलतानी या अभ्यासिकेने अमेरिकी मालिकांतली ही युक्ती नेमकी पकडली आहे. त्या भल्या माणसाचं कामच मुळी दुसऱ्या मुसलमानाला पकडून देणं असतं; कथेत धर्म आणि दहशत यांची गाठ तशीच राहते.

आपण गोंयकारांना हे समजायला अवघड जाऊ नये. हिंदी सिनेमाने इथल्या ख्रिस्ती माणसाला वर्षानुवर्षं दारूची बाटली हातात देऊन उभं केलं, आणि मालिकांतला गोवा म्हणजे अमली पदार्थ आणि समुद्रावर सापडलेलं प्रेत. बाहेरगावी कुणी त्यावरून हसत काही विचारलं की मला अजून लागतं.

२००५ साली एडवर्ड शिआप्पा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पडद्यावरच्या पात्रांशी जुळलेली ओळखही पूर्वग्रह कमी करू शकते, जणू प्रत्यक्ष भेटच झाली. म्हणजे ज्या टीव्हीने गाठ मारली, त्यालाच ती सोडवताही येईल. त्यासाठी कटाशी काडीचा संबंध नसलेली मुस्लिम पात्रं हवीत: शवविच्छेदन करणारी डॉक्टर, बस चुकलेला साक्षीदार, चोरीची तक्रार घेऊन आलेली शिक्षिका. किंवा मापं घेताना आईशी सुनेबद्दल बोलणारे आमच्या वरच्या बाजारातल्यासारखे एखादे शिंपी, ज्यांच्यावर त्या भागात कुणाचाही संशय नाही.