उतारावरची वसुली

पुतणीचा व्हिडिओ कॉल आला तो जानेवारीतल्या एका रात्री. ती शिकायला जर्मनीत आहे. खिडकीखाली भिंतीला लावलेला पांढरा, पत्र्याचा रेडिएटर दाखवत म्हणाली, "काका, हा खाली चटका देतोय आणि वर गारठलाय. घरमालकीणबाईंनी ही चावी दिली, म्हणाल्या हवा काढ. पण यात तर पाणी असतं ना?" चावी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा पितळी तुकडा, तोंडाला चौकोनी भोक.

आमच्या जळगावात रेडिएटर म्हटलं की ट्रॅक्टरच आठवतो. धुळ्याकडे थंडीत पारा कधीकधी पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा शेकोटी आणि गोधडी पुरते. घर तापवायची वेळ खानदेशावर येत नाही, मे महिन्यात ते थंड कसं करायचं हीच चिंता. पण पाइपातली हवा ही माझी फार जुनी ओळखीची गोष्ट निघाली, म्हणून रात्रीचे साडेदहा झाले असूनही मी तिला पाऊण तास पिडलं. त्यातलं बरंचसं इथे लिहितोय.

आधी हवा येते कुठून ते पाहू. चहाचं आधण ठेवल्यावर पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी पातेल्याच्या तळाला मोहरीएवढे बुडबुडे धरतात. ती वाफ नसते. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात अशी सुमारे १८-१९ मिलिलिटर हवा असते, म्हणजे चहाचे जवळपास चार चमचे. पाणी तापलं की ही हवा त्यात मावत नाही. नुसत्या ऑक्सिजनचं पाहा: शून्य अंशाला लिटरमध्ये १४.६ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८०३ मध्ये दुसरा नियम मांडला: दाब जितका जास्त, तितका वायू पाण्यात जास्त विरघळतो. सोड्याची बाटली उघडताना आपण दाब काढतो आणि वायू फसफसत बाहेर येतो, तो याच नियमाने.

जर्मनीतल्या घरात दोन्ही गोष्टी एकदम होतात. बॉयलरमध्ये पाणी तापतं, पंप ते घरभर फिरवतो. वर चढताना त्याचा दाब दर दहा मीटरला साधारण १ किलोने कमी होतो. (आपले शेतकरी ज्याला 'एक किलो प्रेशर' म्हणतात तेच, शास्त्रशुद्ध नाव दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम.) म्हणून हवा धरायचा मान सहसा वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरला. पुतणी तिसऱ्या मजल्यावर राहते.

तिच्या रेडिएटरमधली हवा पाण्याचा रस्ता बंद करत नाही, नुसती वरची जागा बळकावून बसते. पाणी खालून येतं-जातं, वरच्या पत्र्याला शिवतच नाही. आणि हवेच्या अंगात उष्णता ती किती? एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साडेतीन हजार लिटर हवा तेवढीच तापेल. वरचा पत्रा गार राहणारच. रेडिएटरपुरतं प्रकरण इथे संपतं.

माझा जीव मात्र दुसऱ्याच पाइपात अडकलाय.

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, माझ्या मोठ्या भावाची केळी आहे. ट्यूबवेलचं पाणी आधी हौदात, आणि हौदातून अडीच इंची पाइपाने, विनामोटर, नुसत्या उताराने पलीकडच्या तुकड्यात. हौदाची पातळी पाइपाच्या तोंडापेक्षा तीन मीटर उंच. मध्ये दोन टेकाडं, पण दोन्ही हौदापेक्षा खालीच. तरी एका उन्हाळ्यात, कांदेबाग (केळीची पावसाळ्यानंतरची लागवड) ऐन निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडत असताना, दादाचा फोन आला: "हौद भरेल आहे, कॉक खोलेल आहे, पाणी नही येई राहिलं."

पाइप कुठे चोंदलाय म्हणून दोन ठिकाणी कापून झाला होता. आत कचरा नव्हता. गावातल्या एकाचं मत पडलं की पहिल्या टेकाडावर कडुलिंबाखाली मुंजोबा आहे, त्याच्या अंगावरून पाइप नेला म्हणून हे झालं. दादा देवभोळा नाही, पण केळीला पाण्याचा ताण बसला की माणूस कोणाचंही ऐकतो. नारळ नेला. देव धुवायला पाणी हवं, म्हणून कोणीतरी तिथल्याच पाइपाच्या टी-वरचा (तीन तोंडांच्या जोडावरचा) प्लग पान्ह्याने ढिला केला. पाणी आलंच नाही. फुस्स करून वारा सुटला, चांगला दोन-तीन मिनिटं. मग थुईथुई पाणी उडालं. प्लग आवळला, आणि थोड्या वेळात पलीकडच्या तुकड्यात धार लागली. मुंजोबा पाइपातून बाहेर पडला, असं आजही तिथे सांगतात. नारळाला माझी हरकत नाही, खोबरं मीही खाल्लं. पण श्रेय पान्ह्याचं होतं.

हवा तर मऊ. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा धरला तरी ती आत दाबता येते. तिने तीन मीटर उंचीच्या पाण्याला कसं अडवावं? बहुतेक लोक समजतात की हवा बाटलीच्या बुचासारखी मध्ये बसते. तसं अजिबात नाही.

पाण्याचा हिशेब सावकारी असतो. चढ चढताना पाणी उंचीसाठी दाब मोजतं आणि उतार उतरताना तेवढाच दाब वसूल करतं. म्हणून पाइप भरलेला असेल तर मधली टेकाडं कितीही असोत, हिशेबात फक्त दोन टोकं धरायची: हौद आणि तोंड. वसुली होते कशी? उतारावरच्या पाण्याला वजन आहे, ते खालच्या पाण्यावर भार टाकतं. आता पहिल्या टेकाडापलीकडच्या उतारात पाण्याऐवजी हवा भरलीय असं समजा. हवेला वजन जवळजवळ नाहीच. त्या हवेत माथ्यावर जेवढा दाब, तेवढाच उताराच्या तळाशी. चढाचे पैसे गेले, उताराची वसुली बुडाली.

आता दादाचा पाइप घ्या. हौद तोंडापेक्षा ३ मीटर वर. पहिल्या उतारात उभ्या मापाने १.६ मीटर हवा. म्हणजे त्यापुढचं पाणी हौद ३ मीटरवर असल्यासारखं वागत नाही, १.४ मीटरवर असल्यासारखं वागतं. दुसऱ्या टेकाडाचा माथा २ मीटरवर. पाणी १.४ मीटरपर्यंत चढतं आणि साठ सेंटिमीटर कमी पडले म्हणून तिथेच उभं राहतं. कॉक उघडा, हौद तुडुंब, आणि पाइप गप्प. दुसरं टेकाड नसतंच, तर पाणी आलं असतं, पण निम्म्याहून कमी उंचीच्या जोरावर, धार बारीक. टेकाडं वाढतील तशी बुडीत खाती वाढत जातात आणि सगळ्यांची बेरीज होते. ही बेरीज मला फार आवडते. एकेका ठिकाणची हवा क्षुल्लक दिसते, पण पाणी सगळ्यांचं व्याज भरतं.

खरं वाटत नसेल तर गवंड्याला विचारा. जोत्याची पातळी काढायची पारदर्शक नळी तो पाण्याने भरतो आणि आधी तिच्यावर टिचक्या मारत बसतो. का? नळीच्या उभ्या भागात चार बोटं हवा राहिली, तर दोन टोकांच्या पातळीत चार बोटांचा फरक पडतो आणि घर तिरपं होतं. तीच हवा आडव्या भागात असेल तर काही बिघडत नाही. गवंड्याला हे कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

मग वाहत्या पाण्याने ही हवा वाहून का जात नाही? इथे जरा आकडेमोड आहे, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

उतारावर पाणी हवेला खाली ओढतं आणि हवा वर चढू पाहते. उभ्या पाइपात मोठा बुडबुडा चढतो त्याचा वेग काढायचा, तर गुरुत्वत्वरण आणि पाइपाचा व्यास यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला सुमारे ०.३५ने गुणायचं. बुडबुडा किती लांब आहे याचा संबंध नाही, नुसत्या व्यासाचा आहे. अडीच इंची, म्हणजे ७५ मिलिमीटर पाइपात हा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर येतो. गंमत पुढे आहे. पाइप तिरपा केला की बुडबुडा हळू चढेल असं वाटतं, पण तो जोरात चढतो! तिरप्या पाइपात हवा वरच्या बाजूला चिकटून सरकते आणि खालच्या बाजूने पाण्याला परत यायला मोकळी वाट मिळते. साधारण ४५ अंशांच्या आसपास हा वेग सर्वांत जास्त, जवळपास अर्धा मीटर. म्हणजे पाणी त्याहून जोरात वाहिलं तरच हवा रेटली जाणार. आणि त्या पाइपात अर्धा मीटर वेग म्हणजे सेकंदाला दोन लिटरच्या वर पाणी. पण हवेनेच पाणी मंद केलेलं असतं. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली.

दादाकडे हे एकदाच होऊन थांबणारही नव्हतं. शेतीची वीज ठरावीक तासच. ट्यूबवेल बंद पडली की हौद रिकामा होतो, पाइपही रिकामा होतो, आणि पुन्हा भरताना पाणी माथ्यावरून खाली धावत जाऊन पलीकडच्या खोलगट भागात साचतं. मागची हवा आपसूक कोंडली जाते. रोजचं लफडं. म्हणून त्या टी-वर आम्ही एअर व्हॉल्व्ह बसवला. आत एक हलका चेंडू. हवा असेल तर चेंडू खाली पडलेला आणि भोक उघडं. पाणी आलं की चेंडू तरंगत वर जाऊन भोक बंद करतो. ठिबकच्या सबमेनवरही (बारीक नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपावरही) असा व्हॉल्व्ह लागतोच, आणि तिथे त्याचं उलटं कामही असतं: मोटर बंद झाल्यावर पाणी उताराकडे पळतं, मागे पोकळी होते, आणि व्हॉल्व्हने हवा आत घेतली नाही तर ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, चिखल ओढून घेतात.

छतावरच्या सोलरचं गरम पाणी येईनासं होतं तेही बऱ्याचदा यामुळेच. टाकी नळापेक्षा मीटर-दीड मीटर उंच, आणि पाइप कठड्यावरून उडी मारून खाली आलेला. अर्ध्या मीटरची हवाही तिथे निदान तिसरा हिस्सा खाते. टाकीवरची उघडी नळी ठिबकते म्हणून तिला बूच मारणारे लोक मी पाहिलेत. ते कृपा करून करू नका. टाकीचा श्वास तोच आहे.

इतकं ऐकून घेतल्यावर पुतणी म्हणाली, "काका, मी चावी फिरवू का आता?"

तापवणं बंद करून रेडिएटर कोमट होऊ दे, खाली वाटी आणि फडकं धर, अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरवू नको, आणि काडी-मेणबत्ती जवळ आणू नको, एवढं सांगितलं. काडीचं ऐकून ती हसली, पण मी गंमत करत नव्हतो. वर्षानुवर्षं तेच पाणी फिरत असतं. त्यातला ऑक्सिजन लोखंड खाऊन टाकतं, नायट्रोजन उरतो. ऑक्सिजन संपल्यावरही लोखंड पाण्याशी हळूहळू भांडत राहतं: तयार होतो मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारा काळा गंज, आणि सुटतो हायड्रोजन. हायड्रोजन पेट घेतो.

चावी फिरली. तोच आवाज, फुस्स, यावलच्या टेकाडावरचा, फक्त बारीक. मग थुंकल्यासारखे दोन-चार थेंब, मग सरळ धार. तिने चावी आवळली. वाटीतलं पाणी काळपट होतं. मी म्हटलं, फ्रिजवरचा चुंबक वाटीला बाहेरून लाव. काळा गाळ सरकत चुंबकाशी गोळा झाला. तिकडच्या घरांत हा गाळ धरायला पाण्याच्या वाटेत चुंबकाची गाळणी बसवतात, ते शहाणपणाचं आहे. आपल्याकडे कृषी प्रदर्शनात पाइपाला बाहेरून चुंबक बांधून 'पाणी चार्ज होतं, पीक दुप्पट येतं' म्हणणारे स्टॉलवाले भेटतात, त्यांचा या चुंबकाशी काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. रेडिएटर वरपर्यंत तापला होता. पण तळघरातल्या दाबमापीचा काटा एकच्या खाली उतरला होता आणि घरमालकीणबाई नळी लावून नवं पाणी भरत होत्या. खाली तिने लिहिलं होतं, "काका, नव्या पाण्यात लिटरमागे चार चमचे ना?"